चाचणीत गर्द आढळले, तरी औषध थांबले नाही : किनाऱ्यावरील एका व्यसनोपचार केंद्राचा अनुभव

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील एका धर्मादाय रुग्णालयात अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर उपचार करणारा बाह्यरुग्ण विभाग चालतो. माझ्या धाकट्या भावावर तेथे गेले नऊ महिने उपचार सुरू आहेत आणि त्याला दुचाकी चालवू द्यायची नाही, असे सुरुवातीला सांगितले गेल्यामुळे पहिले दोन महिने जवळजवळ रोज मी त्याच्या सोबत एसटीने गेले आहे. रुग्णालयाचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. आमचा परिसर लहान आहे, एका नावावरून दुसरे नाव लगेच ओळखले जाते आणि या विभागाबद्दल माझ्या काही तक्रारीही आहेत. भावाने हा मजकूर वाचला आहे आणि लिहिण्यास संमती दिली आहे.

अशा केंद्राविषयी लोक पहिला प्रश्न विचारतात तो म्हणजे, ‘तिथे गेल्यावर सुटते का?’ हा प्रश्न मीही विचारला होता. आता मला वाटते की, पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाने उपचार चालू असताना पुन्हा गर्द (ब्राऊन शुगर) ओढली, तर हे केंद्र त्या दिवशी त्याच्याशी कसे वागते, हे आधी विचारायला हवे; कारण तसे होण्याची शक्यता फार मोठी असते आणि माझ्या भावाच्या बाबतीत आधीचे दोन उपचार नेमके त्याच वळणावर तुटले.

त्या दोन उपचारांविषयी थोडक्यात सांगते. भाऊ मुंबईत मालाच्या गाडीवर कामाला होता आणि तेथेच खोलीतल्या सोबत्यांमुळे त्याला पन्नीवर ब्राऊन शुगर ओढण्याची सवय लागली. प्रथम आम्ही त्याला एका निवासी केंद्रात तीन आठवडे ठेवले. तेथे अंगातील विष उतरवण्यापुरती औषधे दिली गेली, त्याचे वजन वाढले, चेहऱ्यावर रंग आला आणि आम्ही आनंदाने त्याला घरी आणले. घरी तो महिनाभरही थांबला नाही. मुंबईला परतल्यावर त्याने पूर्वीच्याच मापाची पुडी ओढली आणि तो बेशुद्ध पडला. तीन आठवड्यांत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे काल पचणारी मात्रा आज श्वास थांबवू शकते, हे त्या केंद्रातून निघताना आम्हांला कोणीही सांगितले नव्हते. खोलीतल्या सोबत्याने घाबरून पळून न जाता त्याला रिक्षात घालून रुग्णालयात नेले, तेथे नशेचा परिणाम उतरवणाऱ्या नॅलोक्सोनचे इंजेक्शन मिळाले आणि काही मिनिटांत त्याने डोळे उघडले. त्या मुलाचे उपकार माझी आई रोज देवासमोर बोलून दाखवते. नॅलोक्सोनचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि अंगात शिल्लक असलेली नशा पुन्हा चढू शकते, म्हणून शुद्धीवर आल्यानंतरही त्याला रात्रभर तेथेच ठेवून घेतले होते.

दुसरे केंद्र बाह्यरुग्ण स्वरूपाचे होते आणि तेथे योग्य औषधही सुरू झाले होते. मात्र अठराव्या दिवशी लघवीच्या चाचणीत अफूजन्य पदार्थ आढळला, तेव्हा ‘नियम मोडला’ असे सांगून औषध बंद करण्यात आले आणि मन पक्के झाल्यावर पुन्हा या, असे सुचवण्यात आले. ज्या आजाराचे लक्षणच ते आहे, ते लक्षण दिसले म्हणून औषध काढून घेण्यात आले. मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली म्हणून त्याचे इन्सुलिन कोणी थांबवत नाही. भाऊ त्या दिवशी स्टेशनवरूनच पुन्हा जुन्या ठिकाणी गेला.

या पार्श्वभूमीवर मे महिन्याच्या अखेरीस आम्ही इकडच्या केंद्रात नाव नोंदवले. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रातील यांत्रिक मासेमारी बंद असते. गावी परतल्यावर भाऊ चुलत्यांच्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊ लागला होता, त्यामुळे जून आणि जुलै हे दोनच महिने असे होते की, त्याला रोज सकाळी केंद्रात हजर राहणे शक्य होते. हा मुद्दा डॉक्टरांनीच पहिल्या भेटीत काढला. ‘बोटी बाहेर पडायच्या आत याची मात्रा स्थिर करू,’ असे ते म्हणाले. उपचाराचे वेळापत्रक किनाऱ्यावरच्या माणसाच्या वर्षाशी जुळवून पाहणारा डॉक्टर मला प्रथमच भेटत होता.

येथे दिले जाणारे औषध म्हणजे बुप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन यांची जिभेखाली ठेवायची गोळी; तिच्यात २ मिलिग्रॅम बुप्रेनॉर्फिन आणि ०.५ मिलिग्रॅम नॅलोक्सोन असते. ती साध्या औषधांच्या दुकानात मिळत नाही, व्यसनोपचार केंद्रांतूनच दिली जाते. बुप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागांवर जाऊन बसते जिथे गर्द बसते, परंतु ते त्या जागांना अर्धवटच चेतवते आणि ठरावीक मात्रेनंतर त्याचा परिणाम वाढत नाही. त्यामुळे अंगदुखी, वांत्या, झोप उडणे हा सगळा त्रास, ज्याला ही मुले ‘टर्की’ म्हणतात, तो थांबतो आणि तरीही माणूस गुंगीत राहत नाही. गोळीतील नॅलोक्सोन जिभेखालून फारसे अंगात जात नाही, पण कोणी गोळी विरघळवून शिरेतून टोचली तर ते जागे होते आणि टर्की आणते. दुरुपयोग टाळण्यासाठीच ते त्यात घातलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने बुप्रेनॉर्फिन आणि याच उपचारात वापरले जाणारे मेथाडोन या दोन्ही औषधांचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ साली केला, ही माहिती मला येथील समुपदेशक बाईंनी दिली आणि ती मी आईला अनेकदा ऐकवली आहे.

आईला ऐकवावी लागली, कारण तिची शंका गावातल्या सर्वांचीच होती. ‘एक सोडून दुसरा धरल्यान, मगे फायदो काय?’ असे ती विचारत असे. तिने ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणेही घातले होते आणि देवाला जे मागितले त्यात गोळीचा उल्लेख नव्हता. तिच्या दृष्टीने मुलगा सुटणे म्हणजे सगळेच सुटणे. ही शंका डॉक्टरांनी झटकून टाकली नाही. तिला समोर बसवून त्यांनी विचारले, की गर्दवर असताना तो सकाळी उठल्यावर काय करीत असे आणि आता काय करतो. आई म्हणाली, पूर्वी उठल्याबरोबर पैसे शोधायचा, आता चहा पितो आणि जाळी शिवायला बसतो. डॉक्टर यावर काही बोलले नाहीत, त्यांनी केसपेपरवर तिचे वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. त्या दिवसानंतर ‘गोळी घेतलंस मां?’ हा प्रश्न तीच रोज विचारू लागली.

औषध सुरू करण्याची पद्धत मला फार काळजीपूर्वक वाटली. शेवटची पुडी ओढल्यानंतर किमान बारा तास गेलेले असावेत आणि टर्कीची लक्षणे स्पष्ट दिसावीत, अशी अट होती. नाडीचा वेग, घाम, जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी येणे, बाहुल्या मोठ्या होणे, अंगावर काटा येणे अशा अकरा लक्षणांना गुण देऊन सिस्टरांनी बेरीज केली आणि ती पुरेशी झाल्यावरच पहिली गोळी दिली. घाई केली असती तर बुप्रेनॉर्फिनने आधीच्या नशेला त्या जागांवरून एकदम ढकलून दिले असते आणि औषधानेच जबर टर्की आली असती. याचा प्रत्यय आम्हांला पुढे गणपतीत आला. ते यथावकाश सांगते. पहिल्या दिवशी दोन गोळ्या झाल्या, तिसऱ्या दिवशी चार, म्हणजे ८ मिलिग्रॅम.

चौथ्या दिवशी त्याने गर्द ओढली. मुंबईहून येताना आणलेली एक पुडी त्याने माडाच्या बुंध्याशी पुरून ठेवली होती, ती उकरून काढली. दुसऱ्या दिवशी एसटीत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. केंद्राच्या खिडकीशी आल्यावर सिस्टरांनी रोज सर्वांना म्हणायचे ते वाक्य म्हटले : ‘काल घेतलं असेल तर आत्ताच सांगा, औषध थांबणार नाही, फक्त किती वाजता घेतलं ते कळू द्या.’ भावाने खाली बघत सांगितले, की संध्याकाळी सात वाजता. त्यांनी वेळ लिहून घेतली, बाहुल्या आणि नाडी पाहिली, दारू किंवा झोपेची गोळी घेतली आहे का, हे दोनदा विचारले आणि गोळी दिली. मी बाकावर बसले होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते, कारण दुसऱ्या केंद्रात याच ठिकाणी सगळे संपले होते.

त्यानंतर डॉक्टरांनी त्याला आत बोलावून ‘का घेतलीस?’ असे विचारले नाही; तो प्रश्न आम्ही घरच्यांनी इतक्या वेळा विचारला होता की, त्याचे ठरलेले उत्तर त्याच्याकडे तयार होते. त्यांनी किती वाजता घेतली, त्याआधीच्या तासात काय चालले होते, अंग कधी दुखू लागले होते आणि ओढल्यावर नशा लागली का, एवढेच विचारले. या चार प्रश्नांतून असे निघाले की, सकाळी दहाला घेतलेली गोळी त्याला संध्याकाळपर्यंतच पुरत होती आणि सहा-सातच्या सुमारास पायांत पेटके येऊ लागत होते. गोष्ट मनाच्या दुबळेपणाची नव्हती, मात्रा कमी पडत होती. ती १२ मिलिग्रॅमपर्यंत नेल्यावर संध्याकाळचा तो त्रास थांबला. नियम मोडला म्हणून औषध काढून घेतले असते, तर जे औषध वाढवायला हवे होते तेच शून्यावर आले असते.

येथे एक छोटी वही देतात. ओढले तर तारीख, वेळ, जागा, सोबत कोण आणि त्याआधी काय घडले, हे तीत पेन्सिलीने लिहायचे असते. जूनमध्ये तिच्यात नऊ नोंदी झाल्या आणि जुलैमध्ये चार. पहिल्या नोंदींत बहुतेक वेळा ‘अंग दुखत होते’ असे आहे. मात्रा वाढल्यानंतर ते कारण नाहीसे होते आणि ‘मुंबईहून फोन आला’, ‘पगाराचे पैसे हातात होते’, ‘झोप येत नव्हती’ अशी कारणे दिसू लागतात. एका नोंदीत फक्त ‘लागते का बघायला’ असे लिहिले आहे. बुप्रेनॉर्फिनची मात्रा पुरेशी असली की, वरून ओढलेली गर्द लागत नाही, कारण बसण्याची जागाच अडलेली असते, हे त्याला सांगितले गेले होते आणि त्याने ते पडताळून पाहिले. ते वाचून मला राग आला होता. समुपदेशक बाईंच्या मते ती नोंद चांगली होती, कारण पैसे खर्चून काहीच मिळाले नाही हे त्याने स्वतः अनुभवले. त्यांनी लगेच दुसरी बाजूही बजावली, की लागत नाही म्हणून कोणी मात्रा वाढवत गेला, किंवा जोडीला दारू अथवा ‘बटण’, म्हणजे झोपेच्या गोळ्या, घेतल्या, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. बुप्रेनॉर्फिन घेणाऱ्याने या दोन गोष्टींपासून दूर राहणे किती गरजेचे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला त्यांनी वेगळे समजावून सांगितले.

अतिमात्रा झालेला माणूस कसा ओळखायचा, हेही तेथेच शिकवले गेले आणि माझ्या मते या केंद्राचे सर्वांत मोलाचे काम हे आहे. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, ओठ व नखे निळसर पडणे, घोरल्यासारखा घुरघुर आवाज येणे, हाक मारून वा चिमटा काढूनही न उठणे, ही लक्षणे आम्ही पाठ केली. अशा वेळी १०८ ला फोन करायचा, श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यायचा, श्वास चालू असेल तर माणसाला कुशीवर वळवायचे आणि मदत येईपर्यंत सोडून जायचे नाही. कांदा हुंगवणे, थंड पाण्याने अंघोळ घालणे, मिठाचे पाणी पाजणे यांत मोलाचा वेळ जातो. मी शाळेत शिक्षिका आहे आणि आपत्ती व्यवस्थापनाची अनेक प्रशिक्षणे केली आहेत. त्यांपैकी एकातही हा विषय नव्हता.

लघवीची चाचणी येथेही होते, परंतु आधी सांगून, आठवड्यातून एकदा. पट्टीवर रेघ उमटली तर पदार्थ नाही आणि रेघ उमटली नाही तर पदार्थ आहे, अशी ती उलट वाचायची असते. साधी पट्टी मॉर्फिन ओळखते. बुप्रेनॉर्फिनसाठी वेगळी पट्टी लागते आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक कॅप्सूल साध्या पट्टीवर दिसत नाही. ट्रॅमाडॉल २०१८ साली अमली पदार्थविषयक कायद्याखाली आले, तरी ते घेणारे अजून आहेत आणि माझ्या भावानेही आधीच्या केंद्रात असताना चाचणीच्या आठवड्यात गर्दऐवजी तीच कॅप्सूल घेऊन पट्टी स्वच्छ दाखवली होती. शिक्षेच्या भीतीने चाचणी झाली की, माणूस पट्टीला फसवायला शिकतो. येथे चाचणीचा निकाल आणि तोंडी सांगितलेले यांची फक्त तुलना होते आणि तफावत दिसली तर त्याबद्दल बोलणे होते. नऊ महिन्यांत तफावत दोनदाच आली.

ही सौम्यता म्हणजे ढिलाई, अशी माझीही शंका होती. तेव्हा डॉक्टरांनी २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अभ्यास एकत्र केलेल्या आढाव्यातील आकडे मला दाखवले. बुप्रेनॉर्फिनचा उपचार चालू असताना दर हजार व्यक्ति-वर्षांमागे, म्हणजे हजार जणांमागे वर्षाला, मृत्यूंचे प्रमाण ४.३ होते आणि उपचार सुटल्यावर ९.५, मेथाडोनच्या बाबतीत हेच आकडे ११.३ आणि ३६.१ होते. उपचार सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे विशेष धोक्याचे असतात. ज्याने काल ओढली आहे त्याला दाराबाहेर काढणे म्हणजे त्याला या चार आठवड्यांत ढकलणे होय. मला आकडेमोड शिकवायची सवय आहे, त्यामुळे हा मुद्दा लगेच पटला. पण ज्यांचा भाऊ असा खोलीत बेशुद्ध पडलेला नाही, त्यांनाही तो पटावा, असे मला मनापासून वाटते.

औषध देण्याच्या शिस्तीत मात्र सौम्यता नाही. गोळी जिभेखाली ठेवून दहा मिनिटे बाकावर बसावे लागते, बोलायचे नाही, गिळायचे नाही आणि नंतर सिस्टर बॅटरीच्या उजेडात जीभ उचलून पाहतात. गोळी विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची आणि तासभर दात घासायचे नाहीत, नाहीतर दातांवर परिणाम होतो, ही बारीक सूचनाही देतात. सहाव्या आठवड्यापासून तीन दिवसांच्या आणि पुढे आठवड्याच्या गोळ्या घरी मिळू लागल्या, त्याही कुलूप लागणारी पेटी आणून दाखवल्यावरच. आमच्या घरी चुलतभावाची लहान मुलगी आहे आणि ही गोळी लहान मुलाच्या पोटात गेली तर जिवावर बेतते, म्हणून ती अट मला योग्य वाटली. घरी गोळ्या देण्याचा संबंध त्यांनी चाचणीशी जोडला आहे, पण औषध मिळणे न मिळणे त्यावर ठेवलेले नाही : पुन्हा ओढले तर घरच्या गोळ्या कमी होतात आणि खिडकीवर रोज यावे लागते, एवढेच.

आता तक्रारी.

पहिली आणि गंभीर तक्रार गणपतीतील सुट्टीची आहे. विभाग सहा दिवस बंद राहणार असल्याची सूचना फक्त फळ्यावर खडूने लिहिली होती. १ ऑगस्टनंतर भाऊ बोटीवर जाऊ लागला होता, त्याने फळा पाहिला नाही आणि त्याच्याजवळ दोनच दिवसांच्या गोळ्या होत्या. पुढचे चार दिवस तो औषधाविना राहिला. घर चाकरमान्यांनी भरलेले, रात्रभर भजने, मुंबईचे जुने सोबतीही गावात आलेले. शेवटच्या दोन रात्री त्याने ओढली. सोमवारी पहाटे तो अस्वस्थ दिसला, तेव्हा आईला देवघरात एका वाटीखाली जपून ठेवलेली एक गोळी आठवली आणि तिने ती मायेने त्याला दिली. अर्ध्या तासात त्याला वांत्या सुरू झाल्या, पाय आपोआप झटकू लागले, अंगावर काटा उभा राहिला आणि तो ओरडू लागला. पहिल्या दिवशी बारा तास थांबण्याची अट का होती, ते त्या पहाटे आमच्या घराला कळले. डॉक्टरांनी फोन उचलला, घाबरू नका, जीव जाणार नाही, घेऊन या, असे सांगितले आणि केंद्र बंद असतानाही स्वतः येऊन उघडले. आणखी बुप्रेनॉर्फिन देऊन हा त्रास उतरवता येतो, हे ऐकून आई रडू लागली, पण दुपारपर्यंत भाऊ पेज पिऊन झोपला होता. डॉक्टरांच्या त्या दिवसाच्या वागण्याबद्दल मी कृतज्ञ आहे. तरीही हा प्रसंग टाळता आला असता. औषध सलग घेणे हाच ज्या उपचाराचा कणा आहे, तेथे सुट्टीची सूचना फळ्यावर लिहून भागत नाही. मी लेखी तक्रार केली आणि दिवाळीपासून प्रत्येक रुग्णाला सुट्टीच्या दिवसांच्या गोळ्या आधीच मिळू लागल्या, तसेच फोनवर निरोपही येऊ लागला.

दुसरी तक्रार जागेची. औषधाची खिडकी सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागाच्या वाटेवर आहे आणि दहा मिनिटे तोंड मिटून बाकावर बसलेली मुले येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतात. जुलैमध्ये एका कर्मचाऱ्याने बाक पुसताना ‘गर्दुल्ल्यांनो, पाय वर घ्या’ असे म्हटले. त्या दिवशी भावाच्या वहीत नोंद आहे आणि कारणाच्या रकान्यात तोच शब्द लिहिला आहे. सिस्टरांनी त्या कर्मचाऱ्याला वही न दाखवता, नाव न सांगता, ती नोंद वाचून दाखवली; त्याने नंतर स्वतः येऊन क्षमा मागितली. बाक अजून तेथेच आहे. पडदा लावणे अवघड नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. खिडकी साडेनऊ ते साडेबारा एवढीच उघडी असते. बोट पहाटे चारला सुटते आणि भरतीप्रमाणे दुपारी कधी लागेल, याचा नेम नसतो. रोज येण्याची पाळी आली की, भावाचा त्या दिवसाचा हिस्सा बुडतो. ऑक्टोबरमध्ये एका आठवड्यात हे सलग घडले तेव्हा तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, त्याच्या जागी दुसरा खलाशी घेतला होता. माझे तिकीट अर्धे लागते, त्याचे पूर्ण. पण बुडालेल्या हिश्श्यापुढे तिकिटाचा हिशेब किरकोळ आहे. समुपदेशकाची जागाही डिसेंबर आणि जानेवारीत रिकामी होती आणि त्या काळात वही फक्त जमा होत राहिली, तिच्यावर कोणी बोलले नाही.

हे सर्व धरून मी या केंद्राला पाचपैकी चार गुण देईन आणि कापलेला एक गुण पूर्णपणे गणपतीच्या त्या सहा दिवसांचा आहे. केसपेपरचे किरकोळ शुल्क सोडता आम्हांला औषधाचा खर्च आला नाही. येणाऱ्यांनी आधार कार्डाची प्रत, आधीच्या उपचाराचे कागद आणि शक्य असल्यास घरातील एक माणूस सोबत आणावा. पहिल्या दिवशी सकाळी लवकर, रात्रीपासून कोणताही अमली पदार्थ न घेता यावे आणि संपूर्ण दिवस हाताशी ठेवावा. पोलिसांच्या भीतीने अनेक जण येत नाहीत, त्यांनी हे लक्षात घ्यावे की, अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातच कलम ६४ अ अन्वये, स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या आणि अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्हा असलेल्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे. जवळचे केंद्र कोणते, हे शासनाच्या १४४४६ या मदत क्रमांकावर विचारता येते. केंद्र कोणतेही असो, नाव नोंदवण्यापूर्वी तेथील खिडकीवर एकच गोष्ट विचारून घ्यावी : उद्या चाचणीत दोष निघाला, तर गोळी मिळेल की नाही?

भावाची मात्रा सध्या १० मिलिग्रॅमवर आहे. औषध कधी थांबणार, असे गावात विचारले जाते. डॉक्टरांनी त्याची घाई करू नका असे सांगितले आहे आणि आता आम्हीही तो प्रश्न काढत नाही. वहीतील शेवटची नोंद १९ जानेवारीची आहे, वेळ रात्री अकराची, जागा बंदर. खिडकी आठवड्यातून दोन दिवस तरी सकाळी सात वाजता उघडावी, असा अर्ज आम्ही किनाऱ्यावरच्या पाच कुटुंबांनी मिळून दिला आहे. सोमवार आणि गुरुवारी तसे करून पाहू, असे उत्तर आले आहे. ते प्रत्यक्षात आले की, हा अभिप्राय मी दुरुस्त करीन.